चार चकत्यांचं कुलूप

श्रीपतच्या नाकात तपकीर आणि डोक्यात कुलूप, या दोन गोष्टी कायमच्या ठाण मांडून बसलेल्या. तपकिरीची सवय कधी लागली ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुलपाचं वेड मात्र कधी लागलं ते वारासकट पाठ होतं. तो शनिवार होता. खोपोलीच्या ज्या वर्कशॉपात तो टर्नर होता, तिथं भंगाराच्या ढिगात एक पितळी कुलूप आलं. त्याला किल्लीचं भोकच नव्हतं! जाड नळकांडं, त्यावर फिरणाऱ्या चार चकत्या आणि चकत्यांवर इंग्रजी अक्षरं. बाकीच्यांनी ते हातोडीनं फोडायला घेतलं, तेव्हा श्रीपत लेथ तसाच चालू सोडून धावला आणि त्यानं ते पोटाशी धरलं.

आठ दिवस त्यानं त्या कुलपाचा पिच्छा सोडला नाही. नवव्या दिवशी उकललं. चारही चकत्यांवरची ठरलेली अक्षरं एका रेघेत आली की कडी सुटते, एरवी नाही. म्हणजे किल्ली खिशात नाही, किल्ली डोक्यात! "पुतळे, अगं शब्द हीच किल्ली हाय!" असं ओरडत तो घरात शिरला, तेव्हा त्याच्या बायकोनं, पुतळाबाईनं, आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

ताप नव्हता. असता तर उतरला तरी असता. पुढचे सहा महिने सुट्टीच्या दिवशी श्रीपत भंगारातलं पितळ तासत बसला आणि त्यानं तसंच कुलूप मराठीत केलं. मराठीत मुळाक्षरं पुष्कळ, एवढ्याशा चकतीवर सगळी कुठून मावणार? त्यानं सोळा निवडली, ज्यांच्यावाचून रोजच्या बोलण्यात अडतं अशी. काना, मात्रा, वेलांटी सगळं वगळलं. 'कान' असो की 'कोन', चकतीवर नुसतं 'कन'. कुलूप उघडं असताना बुडाचा खटका दाबला की जुना शब्द मोडून नवा बसवता यायचा. म्हणजे ज्याचं कुलूप त्याचा शब्द. एकोणसत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात कडावच्या अलीकडच्या त्याच्या अकरा घरांच्या बौद्धवाडीत श्रीपतएवढा आनंदात दुसरा माणूस नव्हता.

त्यानं काय करावं? अकरा घरांच्या अकरा ट्रंकांना अकरा कुलपं करून दिली. आणि दारोदार जाऊन बजावलं, "हे बघा, शब्द तुमचा तुमी बसवा. मला सांगू नका. शेजाऱ्याला सांगू नका. लिवून तर अजिबात ठेवू नका. असा शब्द घ्या, जो तुमी मेल्याबिगर इसरणार नाय!"

वाडीनं ते अगदी मनावर घेतलं.

वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून घरांची कौलं चाळायला काढली. धूळ नको म्हणून साऱ्यांच्या ट्रंका विहारात नेऊन ठेवल्या. कर्जतच्या बाजारातून आणलेल्या सगळ्या ट्रंका एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, आणि आता कुलपंही एकसारखी. पौर्णिमेच्या सकाळी पुतळाबाई पांढरं लुगडं काढायला गेली, तिनं शब्द लावला, कडी सुटली, झाकण वर केलं आणि आत हात घालून जी किंचाळली ती पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

"अवं! माजं लुगडं कुनी नेलं? आन् ह्यो कुनाचा कोट हाय हितं?"

कोट शेजारच्या धोंडीचा होता. ट्रंकही धोंडीची होती. पुतळाबाईनं धोंडीची ट्रंक स्वतःचा शब्द लावून उघडली होती! श्रीपतला दरदरून घाम फुटला. त्यानं शेजारची ट्रंक ओढली, तोच शब्द लावला. उघडली. पलीकडची ओढली. उघडली. त्यानं एकामागून एक अकराच्या अकरा ट्रंका उघडल्या आणि मधोमध डोक्याला हात लावून बसला. वाडीतल्या झाडून साऱ्यांनी एकच शब्द बसवला होता: जयभीम!

"मंग दुसरा कंचा बसवायचा रं?" धोंडी चिडून म्हणाला. "मेल्याबिगर इसरायचा नाय असा तूच म्हनला व्हतास ना!"

चार चकत्या, चार अक्षरं, ज य भ म. जणू चकत्या मोजूनच शब्द जन्माला आलेला. खरं सांगायचं तर श्रीपतच्या स्वतःच्या ट्रंकेलाही तोच होता. आधी एकजण हसला, मग दुसरा, आणि मग सगळा विहार असा हसत सुटला की चुलीवरची पौर्णिमेची खीर करपली तरी कुणाला पत्ता नाही.

त्या दिवसापासून श्रीपत वाडीत शब्दांचा मास्तर झाला. ज्यानं त्यानं शब्द बदलला, पण बदललेला जपून ठेवायचे एकेकाचे प्रकार बघून तो जेरीस आला. धोंडीनं नवा शब्द खडूनं ट्रंकेच्या झाकणावरच लिहिला, का तर आपली ट्रंक ओळखू यावी. येसूबाई नावाच्या म्हातारीनं आपला शब्द सात बायकांना सांगून ठेवला आणि प्रत्येकीला शपथ घातली की बाकीच्या सहाजणींना सांगू नको. श्रीपत कपाळ बडवून घेई, तपकिरीची चिमूट ओढी आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागे. 'लोकांना सुचेल असा शब्द नको. तुमच्या तोंडात, अंगावर, घरात जे दिसतं ते नको.' सांगताना तो असा रंगून जाई की ऐकणारा शब्द विसरे आणि श्रीपतकडेच बघत राही.

आता त्याच्या नावाचं सांगायला हवं. गावानं त्याच्या आज्याला आणि बापाला कधी धड नावानं हाक मारली नव्हती, शेपटी तोडूनच मारली. श्रीपतही लहानपणी 'शिरप्या'च होता. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यानं ठरवलं, झालं एवढं पुरे. शाळेच्या दाखल्यावर जसं होतं तसंच नाव तो लिहायला लागला, 'श्री' नीट वळणदार काढून. हजेरीपुस्तकात कुणी चुकीचं लिहिलं तर तो खोडायला लावी, मग फोरमन कितीही डाफरो. आई होती तोवर ती तेवढी त्याला 'शिरपत' म्हणायची, तिच्या तोंडात जोडाक्षर बसतच नव्हतं. आईला त्यानं कधी टोकलं नाही. पण आई गेली आणि ती हाकही गेली.

पुतळाबाई त्याला 'अवं' म्हणायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, नवऱ्याचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं सांगितलेलं. देवदेवस्की, अंगात येणं, गंडेदोरे, सगळं तिनं छप्पन्न साली नवऱ्याबरोबर खुशाल टाकून दिलं होतं, पण हे एक तिच्या जिभेवरून हटेना. रेशनच्या कचेरीत कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीला ढोसायची. श्रीपत चिडवायचा, "अगं, आता तरी घे!" ती पदर तोंडाला लावून हसायची आणि चुलीकडे वळायची.

त्या पावसाळ्यानंतर अशी काही संधी आली की श्रीपतची झोपच उडाली. कडावला नवी दूध सोसायटी निघाली होती. आजूबाजूच्या वाड्यांतून दुधाचे कॅन टेंपोनं सोसायटीत येत आणि वाटेत कुठेतरी दुधाचं पाणी होई. कॅनला साधी कुलपं लावून पाहिली. किल्ल्या दोन केल्या की आठवडाभरात तिसरी निघायचीच. सोसायटीचे चेअरमन मालोजीराव, मोठ्या मिशांचे आणि मिशांपेक्षा मोठ्या आवाजाचे गृहस्थ, पार वैतागले होते. श्रीपतनं त्यांच्यापुढे आपलं कुलूप ठेवलं. "साहेब, वाडीत एकाला शब्द ठाऊक, हितं तुमाला ठाऊक. टेंपोत फक्त कॅन."

मालोजीरावांनी कुलूप फिरवून फिरवून पाहिलं. त्यांना ते भलतंच आवडलं. पण त्यांच्या शेजारी सायकल दुकानवाला मोरू बसला होता. मोरू म्हणजे कडावातलं सगळ्यात चलाख डोकं, निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसंच होतं. तो म्हणाला, "अकरा ट्रंकांची गोष्ट आमी ऐकली हाय बरं का, श्रीपत! ह्ये कुलूप मी चुटकीसरशी उघडतो."

मालोजीरावांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं! येत्या रविवारी, भर बाजारात. तास लावतो. ज्याला यायचं त्यानं येऊन उघडून दाखवावं. तासात उघडलं नाही तर साठ कुलपांची ऑर्डर श्रीपतची. उघडलं तर पुन्हा सोसायटीची पायरी चढायची नाही."

साठ कुलपं! श्रीपत कडावहून वाडीपर्यंत सायकलवर बसलाच नाही, हातात धरून पळत आला. साठ कुलपं म्हणजे काय हे त्याला नेमकं माहीत होतं. खोपोलीला शिळफाट्यावर एक लहानसा गाळा रिकामा होता. गाळ्याचा मालक म्हणाला होता, सोमवारपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिलेला श्रीपत आता स्वतःच्या दुकानात बसणार होता. वर पाटी, पाटीवर नाव, रस्त्यानं जाणारा येणारा वाचून जाणार! त्या पाटीची अक्षरं त्याला झोपेतही दिसायला लागली.

शनिवारी त्यानं स्पर्धेसाठी नवं कोरं कुलूप निवडलं. शब्द निवडायला दोन तास घेतले. शेवटी एक असा सुचला की तो आपल्याशीच हसला, पाठ करून कुलपात बसवला आणि कडी दाबली. कुणाला म्हणून सांगितला नाही.

रविवारी सकाळी पुतळाबाईनं ते कुलूप चिंचेनं आणि राखेनं घासून सोन्यासारखं लखलखीत केलं. घासायचं काम नेहमी तिचंच. चकत्यांच्या फटीत राख राहू नये म्हणून ती कुलूप उघडून घासायची, हेही नेहमीचंच. आज श्रीपतच्या ते ध्यानातच आलं नाही. तो आरशापुढे टोपी तिरकी बसवण्यात गुंग होता, आणि अंगणात सगळी वाडी गोळा झाली होती.

"अवं," ती हळूच म्हणाली. "त्या कुलपाचं जरा सांगायचं व्हतं..."

"शूः!" श्रीपतनं तिच्या तोंडापुढे हात धरला. अंगणात धोंडी होता, येसूबाई होती, आणि येसूबाईला कळलं म्हणजे सात बायकांना कळलं. "आज कुलपाबद्दल चकार शब्द काढायचा नाय!"

पुतळाबाई घुटमळली. मग आत गेली आणि पाटी घेऊन आली. शेजारची सातवी पास झालेली गोदा दुपारच्या वेळी विहारात बायकांना लिहायला शिकवायची. पुतळाबाई तिथं चार महिन्यांपासून जात होती, पण आजवर तिनं पाटी नवऱ्याला दाखवली नव्हती. आता दाखवली. वेड्यावाकड्या पण ठसठशीत अक्षरांत तिनं लिहिलं होतं: शिरपत.

श्रीपतनं पाटी हातात घेतली. "माझं नाव? तू लिवलंस?"

तिनं मान हलवली. तिचे डोळे मोठे झाले होते, काहीतरी सांगायला धडपडत होते. पण श्रीपतमधला मास्तर जागा झाला. "झकास गं! पण चुकलंय. 'श्री' असा काढायचा, हे बघ." त्यानं करंगळीनं पहिली दोन अक्षरं पुसली आणि वळणदार 'श्री' काढून दिला.

"अवं, चुकलं नाय! व्हतं त्येच ध्यानात ठिवा, माजं ऐका!"

"स्वतःचं नाव ध्यानात ठिवायला मी काय खुळा हाय?" श्रीपत खदखदून हसला. कुलूप फडक्यात गुंडाळलं, सायकलवर टांग मारली आणि वाडीच्या आरोळ्यांत निघूनही गेला. पुतळाबाई पाटी हातात धरून दारात उभी राहिली. मग तिनं गोदाला हाक मारली, "चल गं, कडावला. पाय उचल!"

कडावचा बाजार त्या दिवशी भाजीसाठी भरलाच नव्हता म्हणा ना. सोसायटीच्या ओट्यावर टेबल, टेबलावर दुधाचा कॅन, कॅनला श्रीपतचं कुलूप आणि शेजारी गजराचं घड्याळ. मालोजीरावांनी काटा दाखवला आणि हात खाली केला.

मोरू बाह्या सारून पुढे आला. सगळ्यांकडे बघून त्यानं डोळा मारला आणि पहिलाच शब्द लावला: ज, य, भ, म. बाजार हसला. कुलूप हललं नाही. श्रीपतही हसला. "ती गाडी गेली, मोरूशेट!"

"बरं, मग तुझं नाव." मोरूनं बोटं दुमडून मोजलं. "श्री, प, त. तीनच की रे! चौथ्या चकतीचं काय करू?" नाव सोडून त्यानं गावांची नावं घेतली, नद्यांची, भाज्यांची, भाताच्या जातींची. पोशा नावाचा डोंगरवाडीतला एकजण मध खपवून परत निघाला होता, तोही थांबला. त्यानं कुलूप कानाशी धरलं, चकत्या एकेक दात हळूहळू फिरवल्या आणि परत ठेवलं. "ह्ये बोलत नाय," तो म्हणाला. "ह्याच्या मालकावानी नाय ह्ये." पुन्हा हशा. वीस मिनिटं झाली, तीस झाली. श्रीपतची छाती फुगत चालली. इतका खुशीत आला की त्यानं कनवटीची डबी काढली, चिमूट घेतली आणि दोन्ही नाकपुड्यांत सणसणीत ओढली.

मोरूचे हात थांबले. त्यानं श्रीपतकडे पाहिलं. डबीकडे पाहिलं. आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"तपकीर!" मोरू ओरडला. "त, प, क, र! चार!"

श्रीपतनं डबी घाईनं कनवटीला लपवली. शब्द तोच होता. दुसऱ्यांना 'अंगावर दिसतं ते नको' असं ओरडून सांगणाऱ्या श्रीपतनं स्वतःच्या नाकाकडे बघितलंच नव्हतं! मोरूनं पहिली चकती फिरवली. दुसरी. श्रीपतला शिळफाट्याचा गाळा दिसला, पाटी दिसली, पाटी खाली पडताना दिसली. तिसरी. चौथी. मोरूनं कडी ओढली.

कडी सुटली नाही.

मोरूनं पुन्हा ओढली, दोन्ही हातांनी ओढली, कॅन पालथा व्हायची वेळ आली. लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. धोंडीनं तर टोपी उडवली. साऱ्या बाजारात एकटा श्रीपत तेवढा ओरडला नाही. शब्द बरोबर, अक्षरं बरोबर, मग कडी का नाही सुटली? आत कुठं राख अडकली? चकतीचा दात वाकला? की त्याचं कुलूपच मुळात खोटं निघालं? जिंकत असल्याचं दुःख व्हावं असा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिलाच होता.

गजर वाजला. मोरूनं हात टेकले. लोक श्रीपतला खांद्यावरच घेणार, पण मालोजीरावांनी हात वर केला. "थांबा! कुणाला उघडत नाही असं कुलूप तर दगडाचंही करता येईल. मला दूध काढायचंय त्या कॅनमधून. श्रीपत, आता तू उघड."

श्रीपत पुढे झाला. लोकांकडे पाठ करून त्यानं त, प, क, र लावलं. ओढलं. नाही. पुन्हा लावलं. नाही. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. मागं कुजबुज सुरू झाली आणि मोरूचा आवाज आला, "अरे, कुलपानं मालकालाच ओळख दाखवली नाय की काय!" हशा उसळला. मालोजीरावांच्या मिशा खाली यायला लागल्या.

"पाटी!"

आवाज बायकांच्या घोळक्यातून आला. घामाघूम झालेली, धुळीनं पाय भरलेली पुतळाबाई गोदाचा हात धरून उभी होती. चारशे माणसांत ती आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होती.

"काय गं?" श्रीपत घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"सकाळची पाटी आठवा! तुमी पुसायच्या आधीची!"

श्रीपतच्या डोळ्यांसमोर ती पाटी आली, करंगळी लागायच्या आधीची. वेडीवाकडी, ठसठशीत, आणि चार अक्षरं! त्याच्या नावाला आयुष्यभर तीनच होती. चौथं तिनं आणलं होतं, आईच्या तोंडचं.

त्यानं पहिली चकती फिरवली: श. दुसरी: र. तिसरी: प. चौथी: त.

टक्.

कडी एवढ्या हलकेच वर आली की जणू वाटच बघत होती. बाजारात असा काही गलका उठला की ओट्यावरचं गजराचं घड्याळ खाली पडलं आणि पडून पुन्हा वाजायला लागलं. मालोजीरावांनी श्रीपतच्या पाठीत दणका घातला. "साठ! साठ कुलपं तुझी! पण मर्दा, शब्द काय होता तो तरी सांग!"

श्रीपतनं अंगठ्यानं चारही चकत्या भर्रकन फिरवून टाकल्या. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही तो लपवत नव्हता. "शब्द सांगायचा नसतो, चेअरमनसाहेब," तो म्हणाला. "आन् ह्यो तर माझा नव्हंच. ज्याचा हाय त्याला इचारा."

सगळ्यांनी पुतळाबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला. आता काय वाटेल ते करा, तो शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हता. यापेक्षा पक्की तिजोरी मालोजीरावांच्या सोसायटीलाच काय, कुठल्याही बँकेला मिळाली नसती.

परतताना श्रीपतनं सायकल हातात धरली आणि तिच्या बरोबरीनं चालायला लागला. गोदा शहाणी पोर, पुढं निघून गेली.

"तपकीर तुला कसं कळलं?"

"कळायला काय? पयल्या झटक्यात उगडलं. नाकावर लिवलंय तुमच्या." ती फणकारली. "म्हनलं, मला कळलं तर त्या मोरूला नाय कळनार? म्हनून बदललं."

"मग मला सरळ सांगायचं नाय?"

"कसं सांगू?" ती थांबली. "तुमी बोलू देईना. आन् दिलं असतं तरी त्यो शब्द मी तोंडानं कसा काढू? म्हनून तर लिवला. तर तुमी चुकलं म्हनून पुसलात!"

श्रीपतनं विचारलं, "माझंच नाव का बसवलंस?"

"तुमीच सांगता ना सगळ्यांना," पुतळाबाई पायाखालच्या वाटेकडे बघत म्हणाली. "मेल्याबिगर इसरायचा नाय, आन् कुनाला सुचायचा नाय असा घ्या. मी तुमचं नाव घेईन आसं कुनाला सुचंल का?"

त्यावर श्रीपतनं भर रस्त्यात तिचा हात धरला. तिनं तो झटकायला हवा होता, पण समोरून गाडी येईपर्यंत झटकला नाही.

सोमवारी गाळा मिळाला. महिन्याभरात तिथं लेथ बसला, आणि मग रंगारी आला पाटी रंगवायला. श्रीपतनं त्याला काय लिहायचं ते कागदावर काढून दिलं. रंगाऱ्यानं कागद वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मालक, नावात चूक हाय. 'श्रीपत' पायजे ना?"

हजेरीपुस्तकातलं नाव खोडायला लावणारा, फोरमनशी भांडणारा श्रीपत तपकिरीची चिमूट ओढून शांतपणे म्हणाला, "चूक नाय. हाय तसंच काढ. मोठं काढ."

'शिरपत कुलूपवाले' ही पाटी शिळफाट्याला पुढं पुष्कळ वर्षं होती. ट्रकवाले, शाळेचे मास्तर, खालापूरच्या कचेरीतले कारकून, कितीतरी लोकांनी त्याला ती दुरुस्त करायला सांगितली. तो नुसता हसायचा. त्या कुलपाचा शब्द तर त्यानं त्याच दिवशी बदलून टाकला होता, त्यामुळे पाटी वाचून कुणाचं काही उघडणार नव्हतं.

पुतळाबाई अधूनमधून डबा घेऊन दुकानावर यायची. आत शिरण्याआधी रस्त्याच्या कडेला उभी राहून ती मान वर करून पाटी वाचायची, बोटानं हवेत एकेक अक्षर गिरवत, ओठ हलवत, चारही. आवाज मात्र तिनं कधी काढला नाही. आत बसलेल्या श्रीपतला तो दर वेळी ऐकू यायचा.